आधी खराटा, मग कीर्तन : संत गाडगेबाबांचे बोलणे



मंडळाच्या कार्यक्रमात मुलांना भाषणाला उभे करायचे म्हटले की बहुतेक घरांत एकच अडचण येते. मूल घरी घडाघडा बोलते, पण माइक समोर आला की त्याचा आवाज बसतो. त्यात आपल्या पांढुर्णा-सौसरची पुष्कळ मुले हिंदी माध्यमात शिकतात. घरची मराठी बोलावी तर ती गावंढळ वाटेल अशी भीती, आणि पुस्तकातली मराठी तोंडात बसत नाही. मोठ्यांचेही फार वेगळे नाही. सत्काराला दोन शब्द बोला म्हटले की हळूच मागच्या रांगेत सरकणारे आपल्यात कमी नाहीत.

म्हणून या वेळी चरित्रासाठी आम्ही असे नाव निवडले आहे, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, कागदावरून एक ओळ वाचली नाही, आणि तरीही हजारो माणसांना रात्र रात्र जागेवर बसवून ठेवले. संत गाडगेबाबा. त्यांचे नाव घेतले की हातातला खराटा आठवतो. ग्रामस्वच्छतेच्या पाट्यांवर त्यांचे चित्र असते. पण बाबांनी आयुष्यभर खराट्याइतकेच आणखी एक साधन वापरले, ते म्हणजे बोलणे. ते बोलणे कसे घडले, हे त्यांच्या जीवनातूनच पाहू.

गुराख्यांचे भजन

पांढुर्ण्याहून वरूडकडे निघाले की थोड्याच वेळात अमरावती जिल्हा लागतो. याच जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला, शेंडगाव आहे. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात देबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. दारूने वडिलांचे घर खाल्ले आणि शेवटी वडिलांनाही. देबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. आई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. मामाकडे शेती होती, गुरे होती. देबूजी गुरे राखू लागला.

पाटी-पुस्तक त्याच्या वाट्याला आले नाही, पण रानात त्याने दुसरी शाळा भरवली. सोबतच्या गुराखी पोरांना जमवून त्याने भजनाची मंडळी उभी केली. गळा चांगला होता आणि पाठांतरही. पुढे तुकोबांचे आणि कबीरांचे बोल त्यांच्या कीर्तनात जागोजागी येत, ती शिदोरी अशी ऐकून ऐकून जमलेली होती. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, ही भजनाची रीत त्याच्या अंगात तेव्हाच मुरली. एकट्याने बोलत राहण्यापेक्षा समोरच्याला बोलते ठेवायचे, हे त्यांच्या कीर्तनाचे मर्म आहे, आणि त्याचे मूळ या गुराख्यांच्या भजनात सापडते.

साहुकारासमोर

तरुणपणी देबूजी कष्टाळू शेतकरी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच सुमारास मामाच्या घरावर संकट आले. मामाला वाचता येत नव्हते. साहुकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले, व्याजावर व्याज चढले आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. साहुकार माणसे घेऊन वावराचा ताबा घ्यायला आला, तेव्हा देबूजी आडवा उभा राहिला. त्याने नांगर धरू दिला नाही. साहुकाराशी असे वागण्याची त्या काळी कोणाची छाती नव्हती.

या प्रसंगातून दोन गोष्टी त्यांच्याजवळ कायमच्या राहिल्या. एक म्हणजे धीर. दुसरी म्हणजे कर्ज, व्याज आणि निरक्षरपणा यांचा हिशेब. पुढे कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, लग्न करू नका, पोराला शाळेत घाला, असे ते सांगत. ते ऐकीव नव्हते. आपल्याच घरात घडलेले ते बोलत होते, म्हणून कुठे अडखळायची पाळी येत नसे.

दारूचेही तसेच. १८९२ मध्ये त्यांचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत घालायला हवी होती. देबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण त्याने ऐकले नाही. दारू सोडा, असे गावोगाव सांगण्याच्या कितीतरी आधी त्याने ते स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या जातभाईंच्या रागासमोर करून दाखवले होते.

गाडगे, चिंध्या आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी मागून खायची आणि त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी नाव ठेवले गाडगेबाबा. कोणी गोधडेबाबा म्हणत, कोणी चिंधेबाबा. बरीच वर्षे ते नुसते फिरत राहिले. वाटेत कुणाच्या वावरात काम दिसले तर हात लावायचा, भाकरी मिळाली तर खायची आणि पुढे निघायचे.

अमरावतीजवळ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. काठावर चिखल आणि निसरडे असे, म्हाताऱ्या माणसांचे हाल होत. बाबांनी तिथे आधी स्वतः राबून वाट केली आणि पुढे लोकवर्गणीतून घाट बांधून घेतला. भाषण मात्र सगळ्यात शेवटी आले.

ही रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. कीर्तन ज्या गावात असेल तिथे ते दिवसाच पोहोचत आणि खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. गटारे काढत, उकिरडे हलवत. गावकरी आधी पाहत राहत, मग लाजून एकेक जण हातात फडा घेई. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई आणि रात्री कीर्तन उभे राही.

बोलण्याच्या दृष्टीने या रीतीचे तीन फायदे होते. पहिला म्हणजे दिवसभर गल्लीबोळ फिरल्यामुळे गावाची सगळी खबर त्यांना कळलेली असे. दारूचे दुकान कुठे, कोणत्या देवापुढे बकरे कापतात, विहिरीवर कुणाला येऊ देत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. रात्रीचे कीर्तन त्याच गावाचे असे. दुसरा फायदा ऐकणाऱ्यांचा. ज्या माणसाने सकाळपासून आपल्या दाराची घाण काढली, तो रात्री चार शब्द कडक बोलला तर त्याचा राग धरता येत नाही. तिसरा फायदा स्वतः बोलणाऱ्याचा. दिवसभर ज्यांच्यासोबत खराटा चालवला, ती माणसे रात्री परकी उरत नाहीत. परक्यांसमोर उभे राहताना जीभ जड होते, ओळखीच्या माणसांपुढे नाही.

ना पगडी, ना वीणा

त्या काळचे कीर्तन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. नारदीय कीर्तनात बुवा पगडी-उपरणे घालून उभे राहतात, मागे पेटी-तबला असतो. पूर्वरंगात एखाद्या पदाचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे, अशी त्याची घडी. वारकरी कीर्तनात अभंग असतो, मागे टाळकरी आणि मृदंग असतो. दोन्ही ठिकाणी शिकलेला बुवा सांगतो आणि लोक ऐकतात.

बाबांजवळ यातले काही नव्हते. आपण काहीच शिकलेलो नाही, असे ते आधीच सांगून टाकत. त्यामुळे लोकही सैल होत. वर चढून बोलणारा माणूस त्यांना रोज भेटत होता, खाली उतरून विचारणारा हा पहिलाच.

आणि ते खरोखरच विचारत. देव किती आहेत, असा साधा प्रश्न करत. लोक एका आवाजात सांगत की देव एकच. मग ते गावातल्या देवांची चौकशी करू लागत. खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, मरीआई आहे का. प्रत्येक नावाला लोकांचा होकार येई. मग ते भोळेपणाने हिशेब मांडत, की एक म्हणता म्हणता हे इतके झाले कसे. लोक हसू लागत. हसता हसता त्यांना कळे की आपण आपल्याच उत्तरात सापडलो.

देवाला नैवेद्य दाखवायचा आणि तोच नैवेद्य खायला कुत्रे आले की काठी घेऊन हाकलायचे, यावरही ते असेच खेळवत. ज्याला स्वतःच्या ताटाजवळचे कुत्रे हाकलता येत नाही, तो देव आपली संकटे कशी हाकलणार, हे ते स्वतः सांगत नसत. ते लोकांच्याच तोंडून काढून घेत.

या प्रश्नांची बांधणी नीट पाहिली तर लक्षात येते की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे असे. हो, नाही, एक, आहे. त्यामुळे दहा हजार माणसे एकदम उत्तर देऊ शकत. उत्तर प्रत्येकाला माहीत असे, म्हणून कोणी अडाणी ठरत नसे. पहिले दोन-तीन प्रश्न अगदी सोपे असत, लोकांचे तोंड उघडावे एवढ्यासाठीच. खरा प्रश्न त्यानंतर येई. आणि एकदा आपल्या तोंडाने उत्तर दिले की माणूस त्याला बांधला जातो. दुसऱ्याने सांगितलेले विसरता येते, आपण चारचौघांत बोललेले विसरता येत नाही.

मध्येच ते गोपाळाच्या नावाचा गजर सुरू करत. सगळा जनसमुदाय टाळ्या वाजवत त्यात सामील होई. त्यांच्या जीवनावर १९७७ मध्ये निघालेल्या चित्रपटाचे नाव देवकीनंदन गोपाला आहे, ते या गजरावरूनच. डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबांची भूमिका केली होती. हा गजर भक्तीचा तर होताच, पण त्याने आणखीही कामे होत. एक विषय संपला हे लोकांना कळे, मागे पेंगत असलेला जागा होई, बोलणाऱ्याला श्वास मिळे आणि पुढचा विषय मनात जुळवता येई. बोलताना थांबावे लागले तर घाबरायचे कारण नाही. थांबायची जागा आधीच ठरवून ठेवली की ती बोलण्याचाच भाग होते.

घरची बोली

बाबा वऱ्हाडी बोलत. वावर, ढोरे, भाकर, कर्ज, लग्न, पोरे हेच त्यांचे शब्दभांडार. अवघड शब्द त्यांना येत नव्हते असे म्हणता येईल, पण तेवढेच कारण नव्हते. श्रोते शेतकरी, मजूर, बाया, म्हातारे. त्यांच्या रोजच्या शब्दांत सांगितले की अर्थ समजून घेण्यात वेळ जात नाही, थेट विचार सुरू होतो. समोरच्यांना ते मायबाप म्हणत. ही बोली घेऊनच ते कोकणात गेले, नाशिक-पंढरपूरला गेले, मुंबईला गेले. कुठेही त्यांनी ती लपवली नाही.

आपल्या घरांतली मराठी याच बोलीच्या शेजारची आहे. ती कमी प्रतीची समजून मुले मंचावर गप्प बसत असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगावे. ज्या माणसाच्या नावाने आज अमरावतीचे विद्यापीठ आहे, तो याच तोंडवळ्याची मराठी बोलत होता. प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या धारदार लेखकाने आणि गो. नी. दांडेकरांनी त्यांची चरित्रे लिहिली. आचार्य अत्र्यांसारखा सभा गाजवणारा वक्ता त्यांच्या कीर्तनाने भारावून गेला.

खारेपाटणची रात्र

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे होते. कीर्तन चालू होते. तिथेच त्यांना बातमी मिळाली की मुलगा गोविंद गेला. एकुलता एक मुलगा. बाबा क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. जगात अशी कितीतरी लेकरे रोज जातात, एकट्या आपल्यासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे ते बोलले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ही गोष्ट आपण नेहमी वैराग्याची म्हणून सांगतो. पण घरी कुंताबाई होत्या, मुली होत्या, आणि त्यांच्यासाठी ते दुःख एका वाक्यात मिटणारे नव्हते, हेही विसरू नये. कीर्तनकाराच्या बाजूने पाहिले तर त्या रात्रीचे बळ गळ्यातून किंवा पाठांतरातून येणे शक्य नव्हते. समोर बसलेल्या लोकांचे काम आपल्या दुःखाहून मोठे आहे, असे मनापासून वाटत असल्याशिवाय माणूस तिथे उभा राहू शकत नाही. मंचावर पाय लटपटतात, कारण सगळे लक्ष आपल्याकडे असते. आपण कसे दिसतो, चुकलो तर काय म्हणतील. बाबांचे लक्ष तिकडे कधी गेलेच नाही. कीर्तन संपले की पाया पडून घ्यायला ते थांबत नसत. कोणाला शिष्य केले नाही, हार घालून घेतला नाही.

शब्दांतून उभ्या राहिलेल्या इमारती

बाबांच्या कीर्तनाचा शेवट नेहमी कामात होई. दारू सोडा, कर्ज काढू नका, जनावरांचा बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शिकवा. मोजकेच विषय, आणि प्रत्येक वेळी तेच. नवीन काही सांगायचा हव्यास नव्हता. लोक वर्गणी देत आणि त्यातून कामे उभी राहत. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. नद्यांचे घाट, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे झाली. पंढरपुरात ज्यांना कुठे टेकायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणासाठी देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. स्वतः मात्र ते गाडग्यातली भाकरीच खात राहिले.

शेवटचे कीर्तन

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात बाबांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. वय ऐंशी, शरीर थकलेले, पण प्रश्न तसेच आणि लोकांची उत्तरेही तशीच. त्यात ते बाबासाहेबांच्या शिक्षणाचे उदाहरण देतात आणि मुलांना शाळेत घालायला सांगतात.

आपल्यासाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. त्याच्या आठवडाभर आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत अमरावती आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशात राहिले. म्हणजे घर सोडल्यानंतरचे बाबांचे जवळजवळ सगळे आयुष्य आपल्यात आणि त्यांच्यात राज्याची सीमा नसताना गेले. ते आपल्याला परक्या राज्यातले संत नाहीत.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे, तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

आपल्या घरी एवढे करता येईल

मंडळातील पालकांना आणि मुलांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ते शेवटचे कीर्तन घरात सगळ्यांनी मिळून एकदा ऐकावे आणि बाबा किती प्रश्न विचारतात ते मुलांना मोजायला लावावे. भाषणाचा कागद मोठ्यांनी लिहून देऊ नये. विषय असा निवडावा जो मुलाने स्वतः केला किंवा पाहिला आहे : पोळ्याला बैल सजवणे, संत्र्याच्या बगीच्यातले काम, भुलाबाईची तयारी, घरातल्या आजीचे आजारपण. सुरुवातीला समोरच्यांना एक सोपा प्रश्न विचारायला सांगावे, ज्याचे उत्तर सगळे मिळून देतील. उत्तराचा आवाज आला की मुलाच्या मनातली अर्धी भीती जाते. मध्ये एक थांबा ठरवावा. शेवटी ऐकणाऱ्यांनी काय करावे, ते एका वाक्यात सांगायला शिकवावे. आणि घरची बोली आली तर टोकू नये.

येत्या २० डिसेंबरला पुण्यतिथीच्या कार्यक्रमात ज्या मुलांना बोलायचे आहे, त्यांनी सकाळी थोडे लवकर यावे. सभागृह आणि समोरचा रस्ता आपण सगळे मिळून झाडू, सतरंज्या अंथरू, आणि मग कार्यक्रम सुरू करू. खराटे मंडळाकडे आहेत.